कर्ज फिटेपर्यंत दशांश थांबवला तर चालेल का?

उशिराची_पाहुणी
नमस्कार. मी चार वर्षांपूर्वी ख्रिस्ती विश्वासात आले, मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेली नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मी घरून भाषांतराची कामं करते. एखाद्या महिन्यात भरपूर येतं, एखाद्या महिन्यात काहीच नाही. आईच्या आजारपणात मोठ्या बहिणीकडून उसने घेतले होते, त्यातले निम्मे अजून द्यायचे आहेत. ती मागत नाही, पण तिची ओढाताण मला दिसते.

गेल्या रविवारी बायबलमधल्या मलाखी ३ वर संदेश झाला. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, न देणारा देवाला लुबाडतो. नंतर मंडळीच्या पाळकांना गाठून विचारलं तर म्हणाले, आधी देवाचं, मग माणसांचं. तेव्हापासून बहिणीला पैसे पाठवताना देवाचे चोरल्यासारखं वाटतं, आणि दानथैलीत टाकताना बहिणीचे. दशांश हातात आलेल्या सगळ्या रकमेचा काढायचा की खर्च वजा जाता उरलेल्याचा? आणि कर्ज फिटेपर्यंत थांबवलं तर ते पाप का?

पहिलं_फळ
ताई, सगळ्या रकमेचा. नीतिसूत्रे ३:९ मध्ये प्रथमफळ म्हटलंय, उरलेलं नाही. मोशेचं नियमशास्त्र संपलं असं काही जण सांगतील, पण अब्राहामाने मलकीसदेक या याजकाला दशांश दिला तेव्हा मोशे जन्मालाही आला नव्हता. आणि मत्तय २३:२३ मध्ये येशूने परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पुढाऱ्यांना, दशांश सोडा असं सांगितलेलं नाही. मी बारा वर्षं देतोय, कधी कमी पडलं नाही.

जुना_खजिनदार
मी अकरा वर्षं आमच्या मंडळीचा खजिनदार आहे. म्हणजे दशांश आला नाही तर पहिली झोप माझी उडते. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

ताई, तुमच्या पाळकांचं 'आधी देवाचं, मग माणसांचं' हे वाक्य मार्क ७ शेजारी ठेवून बघा. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' आहे, देवाला वाहिलंय, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच झापलंय. तुमचं कर्ज आईच्याच दुखण्याचं. स्तोत्र ३७:२१ तर सरळ म्हणतं की उसनं घेऊन परत न करणारा दुर्जन. बहिणीचे पैसे फेडणं ही देवाच्या वाट्यातली चोरी नाही. ते पैसे तुमचे नाहीतच, त्यांचा दशांश काय काढणार!

आता मलाखी. 'सगळा दशांश भांडारात आणा' म्हटलंय, तिथलं भांडार म्हणजे मंदिराच्या धान्याच्या खोल्या. दशांश होता तो शेताच्या उत्पन्नाचा, झाडाच्या फळांचा आणि गुराढोरांचा. लेवीय २७ मध्ये काठीखालून जाणारं दर दहावं जनावर द्यायचं. नऊच मेंढरं असतील तर दहावं येतंच कुठून? हा वाटा मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांना का, तर त्यांना जमिनीचा हिस्सा नव्हता (गणना १८). बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १४ वा अध्याय वाचलाय का? मंदिर लांब असेल तर दशांश विकून पैसे गाठीला बांधून न्या, तिथे मनाला येईल ते, द्राक्षारससुद्धा, विकत घ्या आणि कुटुंबासह देवासमोर खा. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. अर्पणाच्या रविवारी हा अध्याय वाचलेला मी आजवर ऐकला नाही.

पहिलं_फळ यांना मान देऊन सांगतो: अब्राहामाने दिलं ते लढाईतल्या लुटीतून, आणि तसं दरमहा देत होता असं उत्पत्ती १४ म्हणत नाही. मत्तय २३ चा मुद्दा तुमचा बरोबर आहे, तो मी टाळत नाही. पण ते बोलणं मंदिर उभं असताना, नियमशास्त्राखालच्या परूश्यांशी झालेलं आहे. प्रेषित पौल मंडळ्यांना पैशाबद्दल एवढं लिहितो आणि टक्का एकदाही सांगत नाही. नंतर चर्चने सक्ती आणली खरी. गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) माकोनच्या सभेने ५८५ मध्ये न देणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा ठेवली, फ्रँकांचा राजा शार्लमेनने ७७९ मध्ये दशांश राजाज्ञेत घातला, आणि फ्रान्समध्ये तो १७८९ च्या क्रांतीतच सुटला. सक्तीचं दान लोकांना किती प्रिय होतं हे त्यावरूनच कळतं.

तुमच्या कमाईसारख्या कमाईला १ करिंथ १६:२ बसतं: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, जसं यश मिळालं असेल त्या मानाने बाजूला ठेवा. (ती वर्गणी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी होती, पाळकाच्या पगारासाठी नव्हे, हेही सांगायला हवं.) आणि २ करिंथ ८:१२: माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. धंद्याचा खर्च वजा करूनच हिशोब करा, तो खर्च म्हणजे कमाई नव्हे.

पाळकाची_लेक
खजिनदारदादांचं पटलं, पण एक राहिलं. आमच्या घरी महिना कसा जाणार हे रविवारच्या थैलीवर ठरायचं. बाबा कधी बोलले नाहीत, पण पावसाने हजेरी कमी झाली की आई सोमवारी किराण्याची यादी अर्धी करायची. नहेम्या १३:१० मध्ये वाटा न मिळाल्याने लेवी आपापल्या शेतांवर निघून गेले, ते मला तेव्हाच समजलं होतं. 'टक्का नाही' हे ऐकून 'काहीच नाही' करणारे मी पुष्कळ पाहिलेत. १ करिंथ ९:१४ वाचा: सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर पोट भरावं. पौलाने तो हक्क स्वतः वापरला नाही, पण हक्क खोडलाही नाही.

जुना_खजिनदार
हे मान्य. मी लिहायला हवं होतं.

रोमन_वाचक
कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेत, कलम २२२ मध्ये, चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे कर्तव्य सांगितलंय, टक्का मात्र दिलेला नाही. आमच्याकडे भांडण दशांशावर होत नाही, दुसरी थैली का फिरवली यावर होतं.

उशिराची_पाहुणी
सगळ्यांचे आभार. पूर्ण थांबवायचं नाही, असं मनात आलंय. बहिणीचा हप्ता आधी बाजूला, मग जे येईल त्यातून थोडं. पण खरं सांगू? थोडं टाकताना लाज वाटते. आमच्याकडे नावाची पाकिटं आहेत. मोजणाऱ्यांना कळतं.

जुना_खजिनदार
कळतं. मीच मोजायचो. तिसऱ्या वर्षी असं झालं की प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा दिसायच्या आधी मला त्याचा आकडा दिसायचा. एका बाईंचं पाकीट दर आठवड्याला अगदी हलकं असायचं, आणि त्या समितीत बोलू लागल्या की मी मनातल्या मनात त्यांना गप्प करायचो. मार्क १२ मधल्या गरीब विधवेच्या दोन टोल्या, येशूने सगळ्यांपेक्षा मोठं दान म्हटलेली तिची दोन छोटी नाणी, मला तोंडपाठ होत्या, तरी. शेवटी मोजायचं काम दुसऱ्या दोघांना दिलं, मी आता फक्त एकूण रकमेची वही ठेवतो.

नाव न लिहिता साधं पाकीट टाका. तुमच्या मंडळीत चालत नसेल तर खजिनदाराला गाठून सांगा. तो माझ्यासारखा असेल तर त्यालाही बरं वाटेल.

उशिराची_पाहुणी
विचारते. आमच्या खजिनदार एक काकू आहेत, जरा कडक.

पाळकाची_लेक
कडकच असाव्यात. आमचे फार मऊ होते, वर्षअखेरीस हिशोब जुळायचा नाही.