मित्राला कर्जासाठी जामीन राहू का?

मास्तर_वाळवा
मंडळी जरा सल्ला पाहिजे. माझा शाळेपासूनचा दोस्त आहे, पिंट्या म्हणू. त्याला सेकंडहँड पिकअप घ्यायचीय, गावातली ढबू न् टोमॅटो वाशी मार्केटला टाकायला. पतसंस्था सहा लाख द्यायला तयार आहे पण दोन पगारदार जामीनदार पाहिजेत म्हणते, आणि आमच्या सगळ्या ग्रुपात झेडपीचा पगार असलेला मी एकटाच, दुसरा त्याचा मेहुणा आहे एसटीत. पिंट्या म्हणतो "नुसती सही आहे रे, हप्ता मीच भरणार". माणूस खोटा नाही. वडिलांना अटॅक आला तेव्हा रात्री ह्यानंच कुणाची तरी गाडी मागून आणून मिरजेला पोचवलं, नंतर डिझेलचे पैसे द्यायला गेलो तर शिव्या घातल्या. पण मला पुढच्या वर्षी घरासाठी लोन काढायचंय. बायको म्हणते सही केलीत तर घराचं विसरा. आई म्हणते त्या रात्री त्यानं हिशोब केला होता का. मला दोघींचं पटतंय हाच प्रॉब्लेम. आणि खरं सांगू का, नाही म्हटलं तर गावात काय बोलतील ह्याचीच जास्त धास्ती वाटते.

जुना_वसुलीवाला
मास्तर, मी पतसंस्थेतच नोकरी केली, त्यातली बरीच वसुलीला. नुसती सही असं काही नसतं. १८७२ चा करार कायदा, कलम १२८, कर्जदाराची जबाबदारी जेवढी तेवढीच जामीनदाराची, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे आधी पिंट्याची गाडी ओढून न्या मग माझ्याकडं या असं तुम्ही म्हणू शकत नाही. आणि आम्ही पगारदाराकडंच आधी जायचो, का तर तो सापडतो. कर्जदार वाशीला गेलाय म्हणून घरचे सांगतात, मास्तर मात्र रोज शाळेत. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो त्यात जामीनदाराचं नाव पण असतं, मग कलम १५६ नं जप्तीपर्यंत जाता येतं. फॉर्मच्या गठ्ठ्यात पगारातून कपातीचं संमतीपत्र असतं का बघा, ते कोणी वाचत नाही. दोन जामीनदार म्हणजे तीन-तीन लाख असंही समजू नका, संस्था सगळे तुमच्याकडनं मागू शकते, मेहुण्याकडनं निम्मे काढणं तुमचं तुम्ही बघायचं. कोरे चेक तर अजिबात देऊ नका.

अजून एक, बुडवायचं म्हणूनच कर्ज काढणारे मी फार थोडे पाहिले. होतं काय, दोन हप्ते थकतात, मित्राला तोंड दाखवायची लाज वाटते, फोन उचलायचा बंद करतो, आणि जामीनदाराला कळतं ते थेट नोटीस हातात पडल्यावर, तोवर दंडव्याज चढलेलं.

रोकडा
सही करू नका. विषय संपला. सहा लाख उसने द्याल का त्याला? नाही ना. मग?

ढबूवाला
@रोकडा बोलायला सोपं आहे भाऊ. पगार नसलेल्यानं जायचं कुठं? शेती करणाऱ्या पोराची पत शून्य आणि त्याच्याच बाकावर बसलेला मास्तर झाला की त्याच्या सहीला सहा लाखाचा भाव. मित्राकडं नाही जाणार तर कुणाकडं जाणार.

मी पण मागितलीय सही. एकानं "विचार करून सांगतो" म्हटलं आणि त्यानंतर बाजारात मी दिसलो की गल्ली बदलायचा, तो अजून बदलतो. दुसरा तोंडावर म्हणाला सही नाही करत, माझं घराचं अडकंल, पण चाळीस हजार आहेत, जमंल तसं दे. त्याच्याकडं आजही जेवायला जातो.

मास्तर, तुम्ही मुद्रा का बघत नाही, छोट्या धंद्याला सरकारी योजनेतनं बँक देते ते कर्ज? बिनतारण असतं, माल वाहतुकीच्या गाडीला मिळतं. बँक फेऱ्या मारायला लावते, कागद मागते, पतसंस्था आठवड्यात चेक देते म्हणून सगळे तिकडं पळतात. उद्यम नोंदणी म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, कोटेशन, प्रोजेक्ट रिपोर्ट हे पिंट्याला एकट्याला जमणार नाही, तुम्हाला जमंल. सही नका देऊ, सुट्टीचे चार दिवस द्या.

मास्तर_वाळवा
काका, जामीन राहिलो तर माझ्या घराच्या लोनला खरंच अडचण येते का, का बायको घाबरवतीय?

जुना_वसुलीवाला
वहिनी बरोबर आहेत. होम लोनच्या फॉर्मातच विचारतात दुसऱ्या कुणाला जामीन आहात का. लपवलं तर आणखी वाईट. कराच म्हणून अडलं तर हमी ठराविक रकमेपुरती लिहून घेता येते, कायद्यात बसतं, छापील फॉर्मवाली संस्था ऐकेल का ती गोष्ट वेगळी.

मास्तर_वाळवा
काल बोललो पिंट्याशी. पहिल्यांदा गप्प बसला, मग म्हणाला "वहिनी नको म्हणत असतील". तिचं नाव पुढं करणं सोपं होतं, पण म्हटलं नाही, मीच नको म्हणतोय, घराचं लोन आहे. चहा तसाच ठेवून गेला. रात्री साडेदहाला मेसेज टाकला, मुद्राला आधार पॅन सोडून काय काय लागतं. सोमवारी रजा टाकून दोघं बँकेत जातोय. कुणी केलंय का हे, जुनी गाडी चालते का नवीनचंच कोटेशन लागतं?