मदत हवी आहे: घरगुती व्हिडिओ आणि शॉर्टफिल्मसाठी कोणता कॅमकॉर्डर घ्यावा?

नमस्कार मंडळी. बजेट चाळीस हजारांपर्यंत आहे, जुना चांगल्या स्थितीतला मिळाला तरी चालेल. मुलीचं स्नेहसंमेलन, घरचा गणपती, आजीच्या आठवणी तिच्याच आवाजात, आणि सुट्टीत मित्रांबरोबर छोट्या शॉर्टफिल्म, एवढं करायचं आहे.

मोबाईल आहेच, पण सभागृहाच्या मागच्या रांगेतून झूम केलं की चेहऱ्यांचा चिखल होतो. म्हणून ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंगानेच दृश्य जवळ आणणारा, हवाच. सोनीच्या सीएक्स४०५ ला तो ३० पट आहे, पण बाहेरचा माइक लावायची सोय नाही, आणि माझ्या मते चित्र थोडं कमी चाललं तरी आवाज खराब चालत नाही. आजीचा आवाज तर हळूच असतो. पॅनासॉनिकच्या व्ही७८५ ला झूम २० पट असला तरी माइकची जागा आहे, त्यामुळे मन तिकडे झुकतंय. कोणी वापरलाय का? संध्याकाळी घरातल्या दिव्यांत चित्र किती दाणेदार येतं?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. भाऊ अमेरिकेहून येतोय, तिथून आणता येईल. पण तिकडची मॉडेल्स सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम्सची, आणि आपली वीज ५० हर्ट्झची. दोन्हींचा मेळ बसत नाही, म्हणून ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं म्हणतात. शटर (एका फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवून ते खरंच जातं का, की इथलंच मॉडेल घ्यावं?

जुना घेताना बॅटरीखेरीज काय तपासायचं तेही सांगा. पुण्यात खात्रीचं दुकान माहीत असेल तर फारच बरं.