सिंहांचा कळप, गोतावळा की आणखी काही?

ठाणेकर:
केनियातल्या मसाई माराहून गेल्या आठवड्यात परतले आणि आमच्या गटाच्या फोटोंखाली मराठीत ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच फोटोला अडले. झाडाखाली चार सिंहिणी लोळताहेत. इंग्रजीवाले या समूहाला 'प्राइड' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अभिमान. मागे एका निवेदनात "सिंहांचा अभिमान सावलीत विसावला आहे" असं ऐकून मी पाच मिनिटं हसले होते, आता माझीच पाळी आली. शाळेत केळ्यांचा घड, करवंदांची जाळी, काजूंची गाथण सगळं पाठ केलं, पण सिंहांचं काही आठवत नाही.

दुसऱ्या फोटोत दोन आयाळवाले नर पाठीला पाठ लावून बसलेत, जवळपास मादी एकही नाही. चालकाने त्यांना 'कोअलिशन' म्हटलं. युती लिहू की आघाडी? काहीही लिहिलं तरी लोक निवडणूक चिन्ह विचारणार.

नागपूरकर:
कळप लिहा आणि मोकळ्या व्हा. वर्तमानपत्रात तेच येतं. आमच्याकडे वाघ, त्यामुळे हा प्रश्न कधी पडलाच नाही. वाघीण आणि तिचे बछडे, संपलं. नरांसाठी युती चालेल. आघाडी नको, तिच्यात पुढे असण्याचा अर्थ आहे.

नैरोबीकर:
कळप चूक नाही, पण त्या शब्दाने डोळ्यांपुढे उभं राहतं ते वेगळंच. एकत्र चरणारी, एकामागे एक जाणारी जनावरं म्हणजे कळप. नदी ओलांडणाऱ्या वाइल्डबीस्टना तो चपखल बसतो. सिंहांच्या समूहात पंधरा जण असले तरी सगळे एका ठिकाणी सापडणं हा नशिबाचा भाग. एरवी दोघी इथे, तिघी ओढ्यापलीकडे, एखादी नुकती व्यालेली पिल्लं घेऊन झुडपात दडलेली. बऱ्याच दिवसांनी भेटल्या की डोक्याला डोकं घासतात, आणि परकी सिंहीण हद्दीत शिरली की तिला पिटाळतात. म्हणजे एका वेळी दिसतो तो घोळका हा समूह नव्हेच. आपलं कोण आणि परकं कोण याचा हिशेब, तो समूह.

त्याचा गाभा माद्यांचा असतो: आज्या, आया, मावश्या, बहिणी. सिंहीण बहुधा जन्मली त्याच समूहात मरते, म्हणजे जन्मभर माहेरीच. नर पिल्लांना मात्र दोन-तीन वर्षांची झाली की घर सोडावं लागतं. समूहात जे मोठे नर दिसतात ते बाहेरून आलेले असतात. घरजावईच म्हणा ना, आणि तेही मुदतीचे! साधारण दोन-तीन वर्षांत दुसरे येऊन त्यांना हुसकावतात. नवे आले की आधीच्यांची तान्ही पिल्लं बहुधा मारली जातात, त्यामुळे आया लवकर माजावर येतात. हे प्रत्यक्ष पाहिलेले पर्यटक नंतर जेवत नाहीत.

म्हणून मी 'गोतावळा' म्हणतो. गोत हा शब्द गोत्रावरून आला आणि गोत्र चालतं बापाकडून, ही खोच कुणीतरी काढेलच. पण बोलण्यातल्या गोतावळ्यात मावश्या येतातच की.

युतीला माझा विरोध आहे. युती वेगवेगळ्या घरच्यांची, मतलबापुरती होते आणि जागावाटपावरून मोडते. हे नर बहुतेकदा एकत्र वाढलेले असतात आणि मरेपर्यंत एकमेकांना सोडत नाहीत. एकटा नर गोतावळा फार काळ राखू शकत नाही, हे त्यामागचं रोकडं कारण.

कोल्हापूरकर:
मग 'भाऊबंद' का नको? आमच्याकडे भाऊबंद म्हटलं की पुढचा शब्द भाऊबंदकी आणि त्यापुढचा कोर्ट. तेवढं सिंहांकडून शिकण्यासारखं आहे म्हणायचं.

नैरोबीकर:
शब्द झकास आहे, पण अर्धाच बसतो. टांझानियातल्या सेरेंगेटीत सिंहांचा अभ्यास १९६६ मध्ये सुरू झाला. जॉर्ज शॅलर या संशोधकाने तो सुरू केला, पुढे क्रेग पॅकर यांनी अनेक वर्षं चालवला. तिथल्या जनुकीय तपासणीत असं दिसलं की मोठ्या संख्येने एकत्र राहणारे नर जवळचे नातलग असतात, पण दोघा-तिघांत रक्ताचं नातं नसलेलेही असतात. ठाणेकर ताईंचे दोघे भाऊ आहेत की रस्त्यात भेटलेले सोबती, हे फोटोवरून कसं सांगणार?

कोल्हापूरकर:
मान्य. पण मग एकच शब्द हवा हा हट्ट इंग्रजीचा आहे, आपण कशाला धरायचा? मराठी मोजून नाव ठेवते. दोघे असतील तर जोडगोळी, तिघे असतील तर त्रिकूट, चौघे असतील तर चौकडी. त्याहून जास्त झाले की टोळी. घर सोडलेले, आयाळ धड न फुटलेले, हद्द नसलेले पोरगे असतील तर टोळकं. टोळकं म्हटलं की ते कुठेतरी नाक्यावर उभे आहेत आणि त्यांना काम नाही, हे न सांगता कळतं.

नैरोबीकर:
हे मला सुचायला हवं होतं. मोजणं सिंहांच्या जगातही महत्त्वाचं आहे. ध्वनिवर्धकावरून परक्या सिंहिणींची गर्जना ऐकवली तर समूहातल्या सिंहिणी तिकडे किती आहेत आणि आपण किती, हे ताडून मगच पुढे सरकतात, असं सेरेंगेटीतल्या प्रयोगांत दिसलंय. नरांची संख्या जितकी मोठी तितका त्यांचा ताबा साधारणपणे जास्त टिकतो.

मारातला उजव्या डोळ्यावर जखमेचा व्रण असलेला स्कारफेस नावाचा सिंह २०२१ च्या जूनमध्ये गेला. तो आणि त्याचे तीन जोडीदार ही खरी चौकडी होती. त्यांतल्या दोघांची नावं स्वाहिलीतून: मोरानी म्हणजे तरणा योद्धा, सिकियो म्हणजे कान. दक्षिण आफ्रिकेच्या साबी सँड अभयारण्यातले मापोगो नावाचे नर सिंह सहा होते. त्यांना टोळीच म्हणावं लागेल, नावच मुळी कायदा हातात घेणाऱ्या एका गटावरून पडलेलं.

राजकोटकर:
विषय आफ्रिकेचा आहे, तरी थोडं गीरबद्दल. इथे नर वेगळे आणि सिंहिणी वेगळ्या राहतात, मीलनाला किंवा मोठ्या शिकारीवर तेवढे एकत्र दिसतात. म्हणजे आफ्रिकेतलं घरजावई प्रकरण इथे नीटसं लागू नाही. पण मला सांगायचंय ते दुसरंच. पहिल्यांदा गीरला गेलो तेव्हा वाटाड्या कुजबुजला, "सावज आव्यो!" मी झाडीत हरीण शोधत बसलो. गुजरातीत सावज म्हणजे सिंह. दोन्हींचं मूळ एकच, संस्कृत श्वापद. आपण त्याचा अर्थ खाल्लं जाणारं असा केला, त्यांनी खाणारा.

ठाणेकर:
राजकोटकर, हे मी घरी सगळ्यांना ऐकवलं.
पहिल्या फोटोखाली "गोतावळ्यातल्या चौघी" लिहिलं, दुसऱ्याखाली "जोडगोळी". तिसऱ्यात झेब्रा सिंहिणींनी पाडला आणि उशिरा आलेला नर तो एकटा खातोय. तिथे शोधावं लागलं नाही. "सिंहाचा वाटा."

नागपूरकर:
तो वाक्प्रचारही इंग्रजीतूनच आलाय हो ताई.