जिप्सी किंग: घरी बांधलेले इंजिन सकाळी सुरू होत नाही, तापल्यावर मात्र उत्तम चालते

प्रश्न: पाचगणीकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 1997 सालची मारुती जिप्सी किंग आहे, म्हणजे 1298 सीसीचे, आठ व्हॉल्व्हचे, कार्ब्युरेटर असलेले इंजिन. पाचगणीच्या खालच्या अंगाला आमचे स्ट्रॉबेरीचे शेत आहे आणि पावसाळ्यानंतर तिकडचा रस्ता एवढा खचतो की जिप्सीशिवाय दुसरी कोणतीही गाडी तिथे जात नाही. ऑइल पिऊ लागल्यामुळे दिवाळीनंतर मी धाकट्या भावाच्या मदतीने इंजिन घरीच उतरवले. ब्लॉक बोअरिंगवाल्याकडून 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज करून घेतला, नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, हेड गॅस्केट आणि टायमिंग बेल्ट टाकला. व्हॉल्व्हच्या सीट त्यांनीच कापून दिल्या, लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणे) आम्ही हाताने केले.

पहिले तीनशे किलोमीटर गाडी इतकी सुरेख चालली की तक्रारीला जागाच नव्हती. एका सेल्फमध्ये सुरू होत होती आणि धूरही नव्हता. फक्त टॅपेटचा (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधल्या फटीचा) हलका टकटक आवाज येत होता. नव्या इंजिनाला हा आवाज शोभत नाही असे वाटून एका संध्याकाळी शेतावरून परत आल्याबरोबर मी रॉकर कव्हर उघडले आणि सर्व टॅपेट 0.15 मिलिमीटरवर लावले. आवाज पूर्ण बंद झाला.

त्यानंतर आठवड्याभरात नवी तक्रार सुरू झाली. सकाळी थंडीत गाडी सुरू व्हायला पंधरा-वीस वेळा सेल्फ मारावा लागतो, मधूनच कार्ब्युरेटरमधून फटकन उलटा आवाज येतो आणि एकदाची सुरू झाली की पाच मिनिटे मिसिंग करत थरथरत राहते. तापली की मात्र काहीच झाले नाही अशी चालते. दुपारी कितीही वेळा बंद करून सुरू करा, तक्रार नाही.

आतापर्यंत प्लग, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि वायरी बदलल्या. चोकची झडप पूर्ण बंद होते. स्थानिक मेकॅनिकच्या सांगण्यावरून कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाबही) पाहिले. गाडी फिरवून आणून, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजले तर चारही सिलिंडरना साडेबारा किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास आले. म्हणजे इंजिनात दोष नाही असे धरून मी आता कार्ब्युरेटर बदलण्याच्या विचारात आहे. खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर: घाटवाट

कार्ब्युरेटर बदलण्याची घाई करू नये, पण पेट्रोलची बाजू आधी नीट तपासावी असे मला वाटते. या इंजिनाचा पेट्रोल पंप यांत्रिक असून तो कॅमशाफ्टवर चालतो. रात्रभरात फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे भांडे) रिकामे झाले किंवा पंपाची झडप गळून पेट्रोल मागे टाकीकडे गेले, तर सकाळी पंप पुन्हा भरेपर्यंत सेल्फ मारत राहावे लागते. माझ्या गाडीला हीच तक्रार होती आणि पंपाचा पडदा बदलल्यावर ती गेली. खात्री करण्याचा साधा मार्ग असा की सकाळी पहिला सेल्फ मारण्यापूर्वी कार्ब्युरेटरच्या तोंडात दोन चमचे पेट्रोल सोडावे. त्यावर गाडी लगेच सुरू झाली तर दोष पेट्रोल वेळेवर न पोहोचण्याचा आहे. पेट्रोल सोडल्यावर एअर क्लीनर परत बसवूनच सेल्फ मारावा, कारण आपल्याकडे उलटा भडका येतो आहे.

प्रश्नकर्ता: पाचगणीकर

सूचनेबद्दल आभार. दोन दिवस करून पाहिले, काहीही फरक पडला नाही. प्लग पेट्रोलने ओले होत आहेत, म्हणजे पेट्रोल आत पोहोचते आहे.

उत्तर: लेथकाका

आपल्या प्रश्नातच उत्तर आहे असे मला वाटते. ‘शेतावरून परत आल्याबरोबर’ टॅपेट 0.15 वर लावले, असे आपण लिहिले आहे. 0.15 हे माप थंड इंजिनाचे आहे. याच इंजिनाचे गरम असतानाचे माप इनटेकसाठी (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी) सुमारे 0.25 असते आणि एक्झॉस्टचे (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे) दोन्ही वेळा त्याहून किंचित जास्त असते. पुस्तकात ही मापे शेजारी शेजारी दिलेली असतात आणि फोटोकॉपीत वरची ओळ कापली गेली की कोणते माप कशाचे हे कळत नाही.

यात काय होते ते नीट समजून घ्यावे. हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, ॲल्युमिनियमचे आहे आणि व्हॉल्व्ह पोलादाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. रॉकर शाफ्ट हेडच्या वरच्या अंगाला बसलेला असतो आणि व्हॉल्व्हची सीट खालच्या अंगाला, त्यामुळे इंजिन तापले की या दोहोंमधले अंतर व्हॉल्व्हच्या लांबीपेक्षा जास्त वाढते आणि टॅपेटची फट मोठी होते. गरम इंजिनावर आपण 0.15 ठेवले, म्हणजे रात्री गार झाल्यावर तिथे जेमतेम 0.05 उरले. लोखंडी हेडच्या जुन्या इंजिनांवर हात बसलेल्या मेकॅनिकला हे सहसा पटत नाही, कारण गरम झाल्यावर फट कमी होते अशी त्याची सवय असते.

त्यात आपल्या सीट नव्याने कापलेल्या आहेत. नवी सीट आणि लॅप केलेला व्हॉल्व्ह पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये एकमेकांत थोडे अधिक बसतात, व्हॉल्व्ह केसभर वर सरकतो आणि तेवढी फट आणखी कमी होते. उरलेले 0.05 एकदोन ठिकाणी त्यातच संपले असावे, म्हणून तक्रार त्याच दिवशी न येता आठवड्याने आली. ज्या व्हॉल्व्हची फट संपली तो थंडीत पूर्ण मिटतच नाही. इनटेक उघडा राहिला तर कॉम्प्रेशनही जाते आणि भडका कार्ब्युरेटरमधून परत येतो. आपल्याकडचा फटका तोच असावा.

आता कॉम्प्रेशनविषयी. आपले मोजमाप पद्धतीला धरून होते, वेळ मात्र चुकली. तक्रार सकाळची आहे आणि आपण मोजले दुपारी, जेव्हा हेड फुगून फटी उघडलेल्या होत्या. उद्या सकाळी, इंजिन एकदाही सुरू न करता, बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत पाहा. आकडा बराच चढला तर गळती रिंगांतून आहे, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हमधून किंवा गॅस्केटमधून.

जवळ पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर असेल तर आणखी पक्के कळेल. जुन्या प्लगचा सांगाडा पोकळ करून त्याला हवेची नळी जोडावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून तो पिस्टन कॉम्प्रेशनच्या अगदी वरच्या टोकाला आणावा आणि थोडी थोडी हवा सोडावी. पिस्टन टोकाला नसेल तर हवेच्या दाबाने क्रँक एकदम फिरतो, म्हणून हात, पाना किंवा कपडा पुलीजवळ ठेवू नये. हवेचा आवाज कार्ब्युरेटरमध्ये आला तर इनटेक, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट, ऑइल भरण्याच्या तोंडाशी आला तर रिंगा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. कानाने ऐकलेले हे निदान मला कोणत्याही गेजपेक्षा अधिक खात्रीचे वाटते.

प्रश्नकर्ता: पाचगणीकर

काका, आज सकाळी साडेसहाला मोजले. अनुक्रमे 12, 8, साडेअकरा आणि 7. दोन आणि चार नंबरमध्ये ऑइल सोडले, आकडा अर्ध्या किलोपेक्षा जास्त चढला नाही. मग शेजारच्या पंक्चरवाल्याला कॉम्प्रेसरसह घरी बोलावले. दोन नंबरला हवा सोडताच कार्ब्युरेटरच्या तोंडातून स्पष्ट फुसफुस आली, एवढी की वर धरलेला वर्तमानपत्राचा कपटा उडाला. चार नंबरचा आवाज सायलेन्सरच्या टोकाशी येतो आहे. ऑइलच्या तोंडाशी आणि रेडिएटरमध्ये काहीही नाही. टॅपेट लावताना काय काळजी घ्यावी, हे कृपया सांगावे. तोपर्यंत गाडी शेतावर नेली तर चालेल का?

उत्तर: लेथकाका

गाडी अजिबात नेऊ नये. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकलेला असतानाच सोडतो. तो नीट टेकला नाही तर त्याची कड जळते आणि मग हेड पुन्हा उतरवावे लागते.

टॅपेट रात्रभर गार झालेल्या इंजिनावरच लावावे. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणावा. हे ठरवताना केवळ पुलीवरच्या खुणेवर विसंबू नये, कारण ती खूण प्रत्येक फेऱ्यात जुळते, मग तो कॉम्प्रेशनचा फेरा असो वा नसो. चार नंबरचे दोन्ही रॉकर पाहावेत. क्रँक किंचित पुढेमागे केल्यावर एक मिटतो आणि दुसरा उघडू लागतो असे दिसले की एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे. या स्थितीत एक नंबरचे दोन्ही, दोन नंबरचा इनटेक आणि तीन नंबरचा एक्झॉस्ट लावून घ्यावा. मग क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून चार नंबरचे दोन्ही, तीनचा इनटेक आणि दोनचा एक्झॉस्ट. या इंजिनाचा फायरिंग क्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2 असल्यामुळे हीच जोडी येते. 2000 नंतरच्या 16 व्हॉल्व्हच्या जिप्सीला हा क्रम डोळे झाकून लावू नये.

लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर फट मोजायचे पाते पुन्हा घालून पाहावे. पाते किंचित ओढ घेत सरकले पाहिजे. आणि जो हलका टकटक आवाज आपल्याला खटकला होता, तो या इंजिनाला असू द्यावा.

उत्तर: घाटवाट

माझे निदान चुकले, पण वाचून फार शिकायला मिळाले. एक भर घालतो. लावण्यापूर्वी आठही फटी आहेत तशा मोजून वहीत लिहून ठेवाव्यात. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजल्यावर एखाद्याच व्हॉल्व्हची फट भराभर कमी होताना दिसली, तर त्या सीटचे काम नीट झालेले नाही हे वेळेत कळेल.

प्रश्नकर्ता: पाचगणीकर

काल पहाटे रॉकर कव्हर उघडले. दोन नंबरच्या इनटेकमध्ये आणि चार नंबरच्या एक्झॉस्टमध्ये 0.05 चे पातेसुद्धा शिरले नाही. चार नंबरचा तो रॉकर बोटांनी हलवून पाहिला, तर जराही हलत नव्हता. बाकीच्या सहा फटी 0.05 ते 0.08 च्या दरम्यान होत्या. सगळे आकडे तारखेसह वहीत उतरवले. मग इनटेक 0.15 आणि एक्झॉस्ट 0.18 वर लावून कव्हर बसवले आणि तसेच, गार इंजिनावर, कॉम्प्रेशन पाहिले. चारही 12 च्या जवळ आले, चार नंबर साडेअकरा.

आज सकाळी दवाने बॉनेट ओले होते. चोक ओढला, एक सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. टॅपेटचा आवाज परत आला आहे. चार नंबरचा अर्धा किलो मला थोडा खटकतो, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर तो व्हॉल्व्ह सर्वांत आधी मोजेन आणि आकडा इथेच लिहीन.