परदेशी डॉक्टरांची आठवडाभराची शिबिरे: पाहुणे गेल्यावर यजमानाकडे काय उरते?

भूलतज्ज्ञ, पाचपाखाडी, ठाणे (मूळ मत)

दुभंगलेले ओठ आणि टाळू यांच्या शस्त्रक्रियांसाठी परदेशातून येणाऱ्या स्वयंसेवी पथकांबद्दल आपल्याकडे बहुधा कृतज्ञतेनेच बोलले जाते. ती ज्या रुग्णालयात उतरतात तिथल्या माणसांना कोणी काही विचारत नाही. मी त्या माणसांपैकी एक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असे पथक आले, तेव्हा दोन्ही ओटी (शस्त्रक्रियागृहे) आठ दिवस त्यांच्या ताब्यात होत्या, हर्नियाचे आणि गर्भाशयाचे आधी ठरलेले रुग्ण पुढची तारीख घेऊन घरी गेले, आणि सिस्टर दुहेरी पाळ्या करत राहिल्या. जाताना पथकाने एक सक्शन मशीन भेट दिले. ते ११० व्होल्टचे होते आणि आपल्या भिंतीतून २३० येतात. ट्रान्सफॉर्मरच्या खरेदीचा कागद अजूनही कुठल्या तरी टेबलावर असेल.

यंत्राचे सोडून देऊ. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात शिवतात, टाळू वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास, त्यानंतर वाचोपचार, म्हणजे बोलणे सुधारण्याचे उपचार, अनेकदा काही वर्षे चालतात आणि बऱ्याच मुलांना आठ-दहा वर्षांच्या वयात हिरडीत हाड भरावे लागते. एवढ्या लांब उपचारातला एक दिवस करून जाणाऱ्याला आपण उपचार केल्याचे श्रेय देतो. एक मुलगी टाळूला भोक पडून आमच्याकडे परत आली. आईच्या हातात नीट जपलेले इंग्रजी कार्ड होते, पण शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने केली याची त्यावर एक ओळही नव्हती. ती दूध प्यायली की दूध नाकातून येत होते. स्थानिक शल्यचिकित्सक प्रत्येक शस्त्रक्रियेत बरोबर नसेल आणि पुढच्या दोन वर्षांचा खर्च बाजूला काढलेला नसेल, तर यजमानाने अशा पथकाला नम्रपणे नकार द्यावा, असे माझे मत आहे.

सामाजिक कार्यकर्ती, शहापूर

डॉक्टर, नकार देणे पाचपाखाडीतून सोपे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन अशी मुले शोधून काढतात, हे मी नाकारत नाही. परंतु मूल सापडणे आणि ते टेबलावर पोहोचणे यांत आमच्याकडे वर्षे जातात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंब वीटभट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडावर परतते, आणि रुग्णालयाने दिलेली तारीख नेमकी फेब्रुवारीत पडते. शिबिरात येण्याजाण्याची गाडी असते, आईचे जेवण असते आणि आठवड्यात काम पुरे होते. अकरा वर्षांचा, न शिवलेल्या टाळूचा मुलगा मी स्वतः अशा शिबिरात नेला आहे. त्याच्या बापाला सांगायला तुमचा नम्र नकार मला कोणत्या शब्दांत द्यायचा, ते कळवा.

शल्यचिकित्सक, खारघर

आपण सतत यजमानाच्याच खुर्चीत बसलो आहोत असे समजू नये. रोटरी या सेवासंस्थेचे माजी जागतिक अध्यक्ष राजेंद्र साबू यांच्या पुढाकाराने तिचे भारतीय डॉक्टर १९९८ मध्ये युगांडाला गेले आणि तेव्हापासून आपली पथके आफ्रिकेत जात आली आहेत. मीही एकदा अशाच एका पथकाबरोबर तिकडे गेलो होतो. तिसऱ्या दिवशी तिथल्या सहकाऱ्याने शांतपणे विचारले, की पुढच्या सोमवारी हे टाके कोण बघणार आणि त्याला ते कोणी शिकवले आहे. मला उत्तर देता आले नाही. त्यामुळे मूळ मताशी मी बराचसा सहमत आहे. फक्त पथकच येऊ नये, हा निष्कर्ष मला मान्य नाही. ऑपरेशन स्माइल या पथके पाठवणाऱ्या संस्थेची सुरुवात १९८२ मध्ये फिलिपिन्समधल्या नागा शहरात, बहुतेक मुलांना शस्त्रक्रियेविना परत पाठवावे लागल्यामुळे झाली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या स्माइल ट्रेन या संस्थेने पथके पाठवण्याऐवजी स्थानिक शल्यचिकित्सकांना पैसा आणि प्रशिक्षण देण्याचा मार्ग धरला. दुसरा मार्ग मला बरा वाटतो, कारण त्यात सोमवारी बघणारा माणूस तिथलाच असतो.

भूलतज्ज्ञ, पाचपाखाडी

वीटभट्टीचे वेळापत्रक मी कधी विचारात घेतले नव्हते, हे मान्य करतो. तारखा देताना आम्ही भूलतज्ज्ञांची सोय पाहतो, फार तर सणवार. तरीही परदेशी डॉक्टरला इथे काम करायला तात्पुरती नोंदणी लागते, आणि शिबिराच्या घाईत तो कागद केवळ औपचारिकता म्हणून पुरा केला जातो, ही माझी तक्रार कायम आहे. अकरा वर्षांच्या त्या मुलाचे पुढे बोलणे सुधारले का?

सामाजिक कार्यकर्ती, शहापूर

नाही. टाळू जुळली, पण तो अजून नाकातच बोलतो, आणि वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही. वाचोपचारासाठी ठाण्याला दर आठवड्याला यायचे, तर त्याच्या आईची एक दिवसाची मजुरी बुडते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कुटुंबे गावात असतील. त्या दिवसांत तुमच्या ओटीच्या तीन तारखा मिळाल्या तर मुले मी आणते. महिन्यातून दोनदा शहापूरला येईल असा वाचोपचारतज्ज्ञ मात्र तुम्ही शोधायचा.