अनुभव धागा: व्हिस्की आणि आलं, घरच्या घरी

उकाडा सुरू झाला की बिअरला पर्याय काय, हा विषय निघतोच. यंदा व्हिस्की-आल्याचं बोलू. तुमची पद्धत सांगा, प्रमाण मिलीत लिहा. 'अंदाजे' चालणार नाही. चखण्याकडे गाडी वळवू नये ही विनंती.

खलबत्ता
माझा सगळा जीव पाकात. जून, धागे आलेलं आलं स्वच्छ धुऊन सालासकट किसायचं आणि मलमलच्या फडक्यातून पिळायचं. रस वाटीत थोडा वेळ ठेवला की तळाशी पांढरा साका बसतो, तो स्टार्च. वरचा रस अलगद ओतून घ्या, नाहीतर ग्लास गढूळ दिसतो आणि घोट खडूसारखा लागतो. साखर-पाणी समसमान घेऊन गरम करा, पूर्ण गार झाल्यावरच रस घाला. आलं शिजलं की त्यातल्या तिखट जिंजेरॉलचं सौम्य झिंजेरोन होतं आणि झणका जातो. आलेपाकात ते खपतं, इथे नाही. ६० मिली व्हिस्की, २० मिली पाक, १० मिली लिंबाचा रस, ग्लास भरून बर्फ, वर १२० मिली सोडा. सोडा फ्रीजमधलाच हवा, कोमट असला की ओतताओतताच त्याचा गॅस उडतो.

टोरांटोचा_पाहुणा
इथे व्हिस्कीला सर्रास 'राय' म्हणतात आणि राय-जिंजर कुठल्याही बारमध्ये मिळतं. कॅनडा ड्राय जिंजर एल, म्हणजे आल्याचं गोड फसफसतं पेय, १९०४ साली याच शहरात निघाली. पण तिच्यात साखर पुढे, आलं मागे! मी वरून चमचाभर ताजा रस घालतो. त्याहून झणझणीत जिंजर बिअर आणली तर तेवढीही खटपट नको.

कोकमवाली
लिंबाऐवजी आगळ घालून बघा. त्यात मीठ असतं, म्हणून अर्धा चमचा पुरे. रंग असा चढतो की बघत राहावं. नवरा म्हणाला, "सोलकढी बाटवलीस!" ग्लास मात्र त्यानेच संपवला.

खलबत्ता
@कोकमवाली, आगळ आधी व्हिस्कीत ढवळा, सोडा शेवटी. उलट केलंत तर फेस ओट्यावर.

धुरकट
सोड्याचा कंटाळा आला असेल तर पेनिसिलिन नावाचं कॉकटेल करा. न्यूयॉर्कच्या मिल्क अँड हनी बारमध्ये बारटेंडर सॅम रॉसने रचलेलं. ६० मिली ब्लेंडेड स्कॉच, लिंबाचा रस आणि मध-आल्याचा पाक २०-२० मिली, बर्फासोबत दणकून हलवायचं, गाळायचं, वरून चमचाभर धुरकट स्कॉच, स्कॉटलंडच्या आयला बेटावरची. ही बाटली महाग, पण चमच्या-चमच्याने जाते. बाकी चांगली सिंगल माल्ट सोड्यात बुडवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांना माझ्या कपाटाजवळ येऊ देत नाही.

पाकवाली_काकू
मी घेत नाही, पण आमच्याकडे पाक माझ्याच हातचा. त्यातच सोडा, लिंबू, चिमूटभर पादेलोण घातलं की माझा ग्लास तयार. पाक फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. लिंबू मात्र आयत्या वेळी पिळा, आधी घातलं तर चव उतरते. आणि पिळलेला चोथा टाकू नका रे, सकाळच्या चहाला होतो.