मदत हवी आहे: कान्ह नदीकाठच्या बंद अहात्याचे फोटो आणि आठवणी

नमस्कार मंडळी. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशातले सगळे अहाते (दारूच्या दुकानाला लागून असलेल्या, बसून प्यायच्या जागा) बंद झाले, त्यात इंदुरातला नदीकाठचा हाही गेला. तिथल्या रोजच्या बैठकवाल्यांच्या आठवणी जमवतोय.

खरी अडचण फ्रेममधल्या ग्रुप फोटोची. ओलीमुळे तो काचेला चिकटलाय. ओढला तर चित्राचा थर काचेवरच राहणार, म्हणून काचेसकट फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला घेतला. पण काचेवर काच आल्यानं रंगीत वलयं उमटली. कॅमेरा बरोबर वर धरून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून कोणी असा फोटो काढलाय का? चकाकी कशी टाळलीत?

साल हवंय. मागच्या स्कूटरच्या पाटीवर ‘एमपी ०९’ आहे; ही क्रमांकपद्धत १९८९ला आली, म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. आणखी कशावरून ठरवावं?

थर्मल कागदाची बिलंही पुसट होताहेत. लॅमिनेशन सुचवू नका, उष्णतेनं कागद काळा पडतो.

जुने गिऱ्हाईक असाल तर बसायची जागा आणि टोपणनाव तेवढं कळवा. खरी नावं नकोत, भिया. काहींच्या घरी अजून पत्ता नाही.